ओट्याशेजारचा वजनकाटा: गृहविज्ञानात नेमकं शिकवतात काय?

टेबलावर तीन वाट्या, तिन्हींत वरण. वाट्यांवर ४१७, ८५२, ३०६ असे आकडे चिकटवलेले. शेजारी साध्या पाण्याचा पेला. खोलीत लाल दिवा, म्हणजे रंगावरून काही ताडता येऊ नये. दोन वाट्यांतलं वरण एकाच पातेल्यातलं, तिसरीत काहीतरी बदललेलं. चव घ्यायची, पाणी प्यायचं, पुढची वाटी. शेवटी कागदावर एकच आकडा लिहायचा: वेगळी वाटी कोणती?

होम सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही हे प्रात्यक्षिक केलं तेव्हा वर्गात तीस जणी होतो. अकरा जणींनी बरोबर वाटी ओळखली आणि आम्ही खूश झालो, की चला, आपल्या जिभेला फरक कळतो. बाईंनी फळ्यावर हिशोब मांडला. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तिघींत एकीचं उत्तर बरोबर येणारच, म्हणजे तीस जणींत दहा नुसत्या नशिबावर. अकरा म्हणजे त्यात काही दम नाही. निदान पंधरा जणींनी ओळखलं असतं तर फरक कळतो असं म्हणायला आधार मिळाला असता. बदल काय होता? तुरीच्या डाळीत पाव हिस्सा मसूर मिसळली होती. मसूर स्वस्त पडते. वसतिगृहाच्या मेसला ही गोष्ट कळली तर महिन्याचा बराच खर्च वाचेल, असं कुणीतरी म्हणालं. त्यावर बाई लगेच म्हणाल्या, ‘फरक कळत नाही असं सिद्ध झालेलं नाही हं. कळतो असं सिद्ध झालं नाही, एवढंच.’

हे सगळं मी घरी रंगवून सांगितलं तर मावशी म्हणाली, ‘म्हणजे वरण करायला शिकायला कॉलेजात घातलंय होय तुला?’ तिला तरी काय बोलणार! खिडकीतून बघणाऱ्याला वरणच दिसणार. त्या वाट्यांमागे संख्याशास्त्राचा तास चालला होता, हे आम्हालाही निम्मा तास गेल्यावर कळलं होतं.

नावाचा घोळ

या विषयाला इतकी नावं आहेत की प्रवेशाच्या वेळी पालक गांगरतात. मुंबईकडे ‘होम सायन्स’, पुस्तकांत ‘गृहविज्ञान’ किंवा ‘गृहशास्त्र’, विदर्भातल्या बी.ए.च्या कॉलेजांत ‘गृहअर्थशास्त्र’, आणि कृषी विद्यापीठांत आता ‘सामुदायिक विज्ञान’. यातलं गृहअर्थशास्त्र मला फार गमतीचं वाटतं. इंग्रजी ‘इकॉनॉमिक्स’ ज्या ग्रीक शब्दावरून आला त्यात ‘ओइकोस’ म्हणजे घर आणि ‘नोमोस’ म्हणजे नियम. घर चालवायची रीत, एवढाच त्याचा मूळ अर्थ. पुढे हा शब्द बाजारात गेला, राज्याच्या तिजोरीत गेला, शेअर बाजारात जाऊन बसला, आणि घराबद्दल बोलायचं तर त्याला पुन्हा ‘होम’ची शेपटी लावायची पाळी आली.

सोप्या भाषेत सांगायचं तर असं: घरात माणसं जेवतात, वाढतात, आजारी पडतात, कपडे वापरतात आणि पैसा, वेळ, अंगमेहनत खर्च करतात. रसायनशास्त्र, शरीरशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र अशी जी लागतील ती शास्त्रं उसनी आणून या सगळ्याचा अभ्यास करणं म्हणजे गृहविज्ञान. हत्यारं दुसऱ्यांची, प्रश्न मात्र स्वतःचे. आणि पहिलं पाऊल नेहमी एकच, मोजणं. अंदाजाने, चिमूटभर, डोळ्यांना दिसेल तेवढं, या घरगुती मापांना ग्रॅम, मिनिटं आणि उष्मांकांत आणायचं.

फी माफ केलेली विद्यार्थिनी

विषयाचा जन्म अमेरिकेतला, आणि तोही स्वयंपाकघरात झालेला नाही, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत झालेला आहे. एलन स्वॉलो ही बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे आज आपण एमआयटी म्हणतो तिथे, १८७० साली प्रवेश मिळालेली पहिली स्त्री. तिची फी माफ झाली. तिला वाटलं, आपली परिस्थिती बेताची म्हणून सवलत दिली असेल. खरं कारण तिला पुढे कळलं: कुणी तक्रार केलीच तर ‘ती आमची विद्यार्थिनी नाहीच’ असं म्हणायची सोय संस्थेने करून ठेवली होती. हे आधी माहीत असतं तर मी गेलेच नसते, असं तिने नंतर सांगितलं. १८७३ साली ती तिथली पदवीधर झाली. लग्नानंतर ती एलन स्वॉलो रिचर्ड्स या नावाने ओळखली जाते.

पुढे ती तिथेच शिकवू लागली. विषय होता आरोग्याचं रसायनशास्त्र: पाणी, हवा, अन्नातली भेसळ. १८८७ पासून मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पाण्याची मोठी पाहणी झाली, त्यात हजारो नमुने तिच्या प्रयोगशाळेतून गेले. त्यातून तयार झालेला क्लोराइडचा नकाशा मला आजही भारी वाटतो. समुद्राजवळच्या पाण्यात मिठाचा अंश जास्त, आत जावं तसा तो कमी कमी होत जातो. नकाशावर त्याच्या रेषा काढल्या की कुठल्या गावात साधारण किती क्लोराइड असायला हवं ते कळतं. एखाद्या विहिरीत त्याहून जास्त सापडलं, तर समुद्र तर तिथे आला नाही. मग आलं कुठून? माणसांच्या सांडपाण्यातून. घरातल्या पेल्यात काय आहे हे ओळखायला तिने अख्खं राज्य मोजलं होतं.

१८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिने ‘रमफर्ड किचन’ नावाचं छोटं उपाहारगृह चालवलं. थाळीत प्रथिनं किती, स्निग्ध पदार्थ किती, उष्णता किती मिळेल हे तिथे गिऱ्हाइकाला छापून दिलं जाई. आज बिस्किटाच्या पुड्यामागे जो बारीक तक्ता असतो, त्याची ही आजी म्हणा ना. त्याआधी बोस्टनमध्ये गरिबांसाठी असंच पौष्टिक आणि स्वस्त अन्न विकायचा तिचा प्रयोग मात्र फसला. युरोपातून आलेल्या कामगारांना ते सपक सूप उतरेना. काय खाल्लं तर अंगी लागेल ते लोकांना सांगून भागत नाही, जिभेलाही विचारावं लागतं, हा धडा या शास्त्राने तिथे घेतला. सुरुवातीच्या त्या तीन वाट्या अभ्यासक्रमात आहेत त्या याचसाठी.

१८९९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या लेक प्लॅसिड या गावी अकरा जणांची बैठक झाली. या नव्या विषयाला काय म्हणायचं, तो कुठे शिकवायचा, यावर तिथे दर वर्षी खल होत राहिला, आणि १९०९ मध्ये अमेरिकन होम इकॉनॉमिक्स असोसिएशन स्थापन झाली. रिचर्ड्सबाई पहिल्या अध्यक्ष. बैठकीचे यजमान होते मेल्विल ड्यूई, ग्रंथालयांतल्या दशांश वर्गीकरणाचे जनक. त्यांच्या पद्धतीत अर्थशास्त्राला ३३० क्रमांक आहे आणि गृहव्यवस्थेला ६४०. तुमच्या गावच्या वाचनालयात ड्यूईची पद्धत असेल तर जाऊन बघा, पाककृतींची पुस्तकं ६४१ मध्ये मिळतील, अर्थशास्त्राच्या कपाटापासून तीनशे आकडे लांब. नावात इकॉनॉमिक्स आलं, कपाट काही मिळालं नाही.

जपानमार्गे हिंगण्याला

आपल्याकडे हा विचार आला तो निम्मा जपानमधून. टोकियोतलं जपान महिला विद्यापीठ १९०१ मध्ये सुरू झालं तेव्हा त्यात गृहविज्ञानाचा स्वतंत्र विभाग होता. त्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका धोंडो केशव कर्व्यांच्या हाती पडली. १९१५ साली मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते, आणि स्त्रियांसाठी वेगळ्या विद्यापीठाची कल्पना त्यांनी त्याच भाषणात मांडली. १९१६ मध्ये पुण्याजवळच्या हिंगण्याला ते विद्यापीठ उभं राहिलं. आज आपण त्याला एसएनडीटी म्हणतो.

अण्णासाहेबांची भूमिका दोन धारांची होती. मुलींना मातृभाषेतून उच्च शिक्षण मिळावं, ही एक. स्त्रीचं कार्यक्षेत्र वेगळं, म्हणून तिचं शिक्षणही काही अंशी वेगळं असावं, ही दुसरी. पहिल्या भूमिकेपुढे आपण आजही मान झुकवतो. दुसरीवर तेव्हाही वाद झाले आणि आजही व्हायला हवेत. गृहविज्ञानाच्या जन्मापासून हा पेच त्याच्या गळ्यात आहे: घराचा अभ्यास महत्त्वाचा म्हणून तो विद्यापीठात आणायचा, की बाईला घरातच ठेवायचं म्हणून?

नंतरच्या पायऱ्या भराभर सांगते. दिल्लीचं लेडी आयर्विन कॉलेज १९३२ चं. १९४९ मध्ये बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं, हंसाबेन मेहता कुलगुरू झाल्या, आणि तिथली गृहविज्ञान शाखा देशात नावाजली गेली. या हंसाबेन म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सगळे पुरुष’ अशा अर्थाचे शब्द बदलून ‘सगळी माणसं’ करायला लावणाऱ्या. गृहविज्ञान म्हणजे मागासलेल्या बायकांचं काम, असं कुणी म्हणालं की मला त्या आठवतात.

पोह्यांवरचं लिंबू आणि त्यानंतरचा चहा

अभ्यासक्रमाचे पाच फाटे ठरलेले आहेत: अन्न व पोषण, मानव विकास, वस्त्रशास्त्र, संसाधन व्यवस्थापन आणि विस्तार शिक्षण, म्हणजे हे सगळं लोकांपर्यंत पोचवणं. विद्यार्थ्यांचा सगळ्यात जास्त ओढा पोषणाकडे, म्हणून तिथे जरा रेंगाळू.

कांदेपोहे घ्या. पोह्यांत, शेंगदाण्यांत, कोथिंबिरीत जे लोह असतं ते वनस्पतीतलं. आपलं आतडं ते सहजी आत घेत नाही. सोबत क जीवनसत्त्व असेल तर लोहाचं रूप बदलतं आणि ते जास्त शोषलं जातं. लिंबाची फोड ते काम करते. पण क जीवनसत्त्व उष्णतेने नासतं, म्हणून लिंबू कढईत पिळायचं नाही, ताटलीत पिळायचं. आई-आजी नेमकं तेच करत आल्या, त्यांचं कारण चवीचं होतं. इथपर्यंत छान. मग आपण लगेच कपभर चहा घेतो. चहातली टॅनिन्स त्याच लोहाला धरून बसतात आणि शोषण कमी करतात. लिंबाने उघडलेलं दार चहा पुढे लोटतो. आमच्या बाई सांगायच्या, पोहे आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर ठेवा. महाराष्ट्रात हा सल्ला कुणी मानेल असं मला वाटत नाही, कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात तर मुळीच नाही.

वरणभाताचंही तसंच. तांदळाच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळीच्या प्रथिनात मेथिओनिन कमी. एकाचं उणं दुसरं भरून काढतं. भाकरी-पिठलं, इडली-सांबार, राजमा-चावल सगळीकडे हीच जोडी. मटकीला मोड आणले की तिच्यात क जीवनसत्त्व तयार होतं आणि लोहाला अडवून धरणारं फायटेट कमी होतं. परंपरा थोर होती असं म्हणून गृहविज्ञान इथे थांबत नाही. तीच परंपरा घरच्या बाईला सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं जेवायला बसवते, हेही त्याला मोजावं लागतं.

ते कसं मोजतात? एका घरात पाच माणसं आहेत म्हटलं तर अर्थशास्त्रज्ञ पाचाने भागतो. पोषणाच्या पाहण्यांत आपल्याकडे ‘उपभोग एकक’ नावाचं, कुणाला किती अन्न लागतं त्याचं माप चालतं. बैठं काम करणारा पुरुष म्हणजे १ एकक. अवजड काम करणारा पुरुष १.६. बैठं काम करणारी स्त्री ०.८, अवजड काम करणारी १.२. दहा वर्षांचं मूल ०.८, चार वर्षांचं ०.५.

आता दोन घरं शेजारी ठेवा. पहिल्यात बाप कचेरीत कारकून, आई घरी बैठं काम करणारी, आजी, दहा वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा. बेरीज १ + ०.८ + ०.८ + ०.८ + ०.५ = ३.९. दुसऱ्यात तीच आजी, तीच मुलं, पण बाप हमाली करतो आणि आई बांधकामावर पाट्या उचलते. बेरीज १.६ + १.२ + ०.८ + ०.८ + ०.५ = ४.९. दोन्हीकडे तोंडं पाचच, पण दुसऱ्या घरात एक अख्खा माणूस जास्त जेवायला आहे. गरीब घराला किराणा जास्त लागतो आणि तो परवडतो कमी, ही गोष्ट ‘दरडोई’ या शब्दात दिसतच नाही. शिवाय त्या आईच्या वाट्याचे १.२ तिच्या ताटात पडतात का, हे तक्ता सांगू शकत नाही. त्यासाठी त्या घरी जाऊन, जेवायच्या वेळी बसून, प्रत्येकाचं ताट वजनकाट्यावर ठेवावं लागतं. आम्ही ते केलं आहे. अवघड वाटतं. ती बाई आपलं ताट सगळ्यात आधी पुढे करते आणि त्या दिवशी त्यात नेहमीपेक्षा जास्त वाढलेलं असतं, हे आपल्यालाही कळत असतं. म्हणून एका दिवसाचं वजन पुरत नाही.

वस्त्रशास्त्रात ताण्याबाण्यातले धागे भिंगाखाली मोजतात, कापड किती धुण्यांनंतर किती फिकं पडतं याला गुण देतात, धागा जाळून तो कशाचा ते ओळखतात. सुती धाग्याला कागद जळल्यासारखा वास येतो, रेशमाला आणि लोकरीला केस जळल्यासारखा, आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. ‘प्युअर सिल्क’ म्हणून घेतलेल्या साडीच्या पदराचा एक धागा काढून बघायची हौस प्रत्येक विद्यार्थिनीला पहिल्या वर्षी येते. मानव विकासात बाळाच्या वाढीचे तक्ते, खेळ, भाषा, म्हातारपण. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज सरकारी वाटतो, पण तो ताराबाई मोडकांच्या बोर्डी-कोसबाडच्या कामातून रुळलेला आहे. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना आली, तेव्हा या विषयाच्या पदवीधरांना एक मोठं कामाचं मैदान मिळालं.

आईचा दिवस, पंधरा पंधरा मिनिटांत

संसाधन व्यवस्थापन हा फाटा ऐकायला रुक्ष आहे, आणि माझ्या मते सगळ्यात धारदार तोच आहे. त्यात ओट्याची उंचीही येते: उभं राहून काम करणाऱ्या व्यक्तीच्या कोपराच्या साधारण १० ते १५ सेंटिमीटर खाली ओटा असावा. आपल्याकडे ती मिस्त्री ठरवतो, आणि पाठ दुखते ती तिसऱ्याचीच. परभणीच्या कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी शेतमजूर बायकांचे काबाडकष्ट मोजून ते कमी करणाऱ्या साधनांवर काम झालं. पण या फाट्यातलं खरं रत्न वेगळंच आहे, वेळ.

मार्गारेट रीड आणि त्यांच्या गुरू हेझेल कर्क या दोघी अमेरिकेतल्या अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या बायका. दोघींची कारकीर्द बरीचशी गृहअर्थशास्त्राच्या विभागांत गेली, कारण अर्थशास्त्राच्या विभागांत बायकांना जागा मिळायची मारामार. रीड यांनी १९३४ मध्ये एक साधी कसोटी मांडली. घरातलं एखादं काम पैसे देऊन तिसऱ्या माणसाकडून करून घेता येईल का? येत असेल तर ते उत्पादन, मग ते कुणी फुकट का करेना. पोळ्या लाटायला बाई ठेवता येते, म्हणून पोळ्या लाटणं उत्पादन. पोळी खायला बाई ठेवता येत नाही, म्हणून खाणं हा उपभोग.

आता पोळी-भाजी केंद्रातल्या मावशी दिवसाला शंभर पोळ्या लाटतात, ते देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नात धरलं जातं. त्याच मावशी घरी येऊन पंधरा पोळ्या लाटतात, ते धरलं जात नाही. पीठ तेच, हात तेच. आंतरराष्ट्रीय हिशोबाच्या नियमांत तर याहून गंमत आहे: घरासाठी विहिरीवरून हंडा भरून आणणं उत्पादनाच्या व्याख्येत बसतं, त्याच पाण्यात घरच्यांसाठी डाळ शिजवणं बसत नाही. वस्तू मिळवली तर चालेल, सेवा केली तर नाही, अशी ती रेघ आहे.

आमच्या अभ्यासात एक काम होतं: घरातल्या एका बाईचा एक दिवस पंधरा-पंधरा मिनिटांच्या चौकटींत भरून आणायचा. मी आईचा भरला. संध्याकाळी सहाच्या चौकटीत ती कुकर लावत होती, धाकट्याचे पाढे म्हणून घेत होती आणि दारात आलेल्या भाजीवाल्याशी घासाघीस करत होती. एका चौकटीत एकच काम लिहायला जागा होती. वेळेचा अभ्यास करणाऱ्यांपुढची ही जुनी अडचण, एकाच वेळी चालणारी कामं, मला आमच्या स्वयंपाकघराच्या दारात भेटली. मी ‘स्वयंपाक’ लिहून मोकळी झाले, आणि पाढे हिशोबातून गळले. दुपारी दोनच्या चौकटीत मी ‘आडवी’ असं लिहिलं होतं. आईने तक्ता वाचला, त्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘एवढं खोड. तुमच्या बाई वाचतील.’ मी खोडलं. म्हणजे माझ्या वहीत शास्त्रीय माहिती म्हणून जे गेलं त्यात आई दिवसभर एकदाही टेकली नव्हती.

देशपातळीवरही आता हे काम होतं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली, त्यात पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या अर्ध्या तासाने नोंदवला गेला. ज्यांनी त्या दिवशी बिनपगारी घरकाम केलं त्यांची सरासरी काढली तर बायकांची रोजची २९९ मिनिटं आली, पुरुषांची ९७. २०२४ च्या पाहणीत बायकांची २८९ झाली आणि पुरुषांची ८८. दोन्ही आकडे उतरले. बायकांचा भार दहा मिनिटांनी हलका झाला खरा, पण पुरुषांनीही नऊ मिनिटं काढून घेतली, तेव्हा तो पुरुषांनी उचलला असं म्हणायची सोय नाही.

पेटी की शिडी

या विषयावर टीका झाली, आणि बरीचशी रास्त होती. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९१९ पासून अनाथाश्रमातली तान्ही बाळं ‘सराव-घरात’ आणून ठेवत. विद्यार्थिनी पाळीपाळीने त्यांच्या आया व्हायच्या, वजनं-वेळा टिपायच्या, आणि मग ते बाळ दत्तक दिलं जायचं. १९६९ पर्यंत हे चाललं. मोजण्याच्या नादात काय मोजतोय हे विसरलं की काय होतं, त्याचा हा नमुना. दुसरा आक्षेप आपल्या ओळखीचा: हुशार मुलीला ‘लग्न होईपर्यंत काहीतरी’ म्हणून इथे बसवायचं. माझ्या बरोबरीच्या निम्म्या मुलींच्या घरी हाच विचार होता.

पण बाजू दुसरीही आहे. रसायनशास्त्रात, अर्थशास्त्रात बायकांना उभं करत नव्हते त्या काळात प्राध्यापक, संशोधक, विभागप्रमुख व्हायची शिडी त्यांना इथे मिळाली. पेटीलाच आतून पायऱ्या काढाव्यात तसं काहीतरी.

मग नावं बदलायची लाट आली. कॉर्नेलने १९६९ मध्येच ‘ह्यूमन इकॉलॉजी’ नाव घेतलं. अमेरिकेतली मूळ संघटना १९९० च्या दशकात ‘फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस’ झाली. बडोद्याची शाखा ‘फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस’ झाली, परभणीचं गृहविज्ञान महाविद्यालय ‘सामुदायिक विज्ञान’ झालं. प्रत्येक वेळी ‘घर’ तेवढं गळालं. माझी खरी कुरकुर इथे आहे. या विषयातलं जे जे कमावतं झालं ते वेगळं बिऱ्हाड करून निघून गेलं. पोषण ‘डायटेटिक्स’ झालं, वस्त्रशास्त्र ‘फॅशन’ झालं, ओट्याची उंची ‘इंटीरियर’वाल्यांनी नेली, बालविकास मानसशास्त्राच्या दारात गेला. मागे राहिले ते असे प्रश्न, ज्यांना बाजारात भाव नाही: ताट कुणाचं किती, वेळ कुणाचा किती.

प्रवेश घ्यायचा असेल तर

मुंबईत जुहूचं सर विठ्ठलदास ठाकरसी महाविद्यालय आणि चर्चगेटजवळचं निर्मला निकेतन, नागपुरात एलएडी, मराठवाड्यात परभणी, ही माहितीतली नावं. पदवीनंतर एखादा फाटा धरून पदव्युत्तर शिक्षण घ्यावं लागतं, नुसत्या पदवीवर फारसं होत नाही, हे आधीच सांगते. रुग्णालयात आहारतज्ज्ञ, अन्नप्रक्रिया कंपनीत नवे पदार्थ आणि गुणवत्ता तपासणी, कापडाच्या चाचणी प्रयोगशाळा, महिला व बालविकास खात्यातल्या पर्यवेक्षिकेच्या जागा, सामाजिक संस्था, आणि नेट ही पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापकी, या मुख्य वाटा. नेटमध्ये ‘होम सायन्स’ हे जुनं नाव अजून शाबूत आहे. विज्ञान शाखेतून आलेल्यांना जीवरसायन सोपं जातं, बाकीच्यांना पहिलं वर्ष घाम फोडतं.

आणि कॉलेज बघायला जाल तेव्हा माहितीपत्रक बाजूला ठेवून अन्न विभागाच्या प्रयोगशाळेत डोकावा. ओट्याशेजारी वजनकाटा आहे का, तो चालू आहे का, भिंतीवर अन्नघटकांचे तक्ते हात लागून मळलेले आहेत का, एवढं पाहा. वजनकाटा कपाटात कुलपाखाली असेल आणि ओट्यावर नुसत्या कढया चकचकत असतील, तर तो पाककलेचा वर्ग आहे. तो चांगलाही असेल, पण त्याला तीन वर्षं लागत नाहीत.